घराभोवतीची फेरी

सायप्रस फोर्क, अलाबामा
रविवार, २४ फेब्रुवारी २०१९

चि. व्हर्डी हिस,
ओथाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर डेट्रॉइटच्या बर्फात चालू नकोस, घरातल्या घरात चाल. आणि फोन करू नकोस. परवा तू अर्धा तास बोललीस, त्यातलं मला ऐकतोस का, ऐकतोस का, एवढंच ऐकू आलं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं.

आपली तमेरा बाळाला घेऊन गेल्या सोमवारी इथं आली. लव्हॉनला नदीवरच्या मालबोटीवर परत जावं लागलं, सहा आठवडे बोटीवर आणि तीन घरी, त्याचं तसंच असतं. माझी लोरीन जिवंत असती तर लेकीचं बाळंतपण तिनं केलं असतं. आता पोरीला आई नाही, आजी नाही, उरलो मी. पंचाहत्तर वर्षांचा, सहावी शिकलेला, ट्रक चालवणारा माणूस. बाळ मुलगी आहे. ओपल नाव ठेवलंय. नाक आपल्या आईचं आहे.

बाळंतपणाचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तिसऱ्या दिवशी तमेराचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. तिनं नर्सला तीनदा सांगितलं. नर्स म्हणाली, बाळंतिणी दमतातच, गोळी घे आणि झोप. दाराजवळ पाहुणी म्हणून आलेल्या एका गोऱ्या बाईनं ते ऐकलं आणि ती जाऊन बोलली, तेव्हा कुठे रक्तदाब मोजला. दोनशेच्या वर होता. लव्हॉन म्हणतो, मी ओरडलो असतो तर त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं असतं, म्हणून मी ओरडलो नाही.

मी आता दिवसातून तीनदा तिचा रक्तदाब मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो. आकडा चांगला येतो. पण व्हर्डी, पोर झोपत नाही. बाळ झोपलं तरी ती बसून त्याच्या छातीकडे बघत असते. मक्याच्या कण्या करून दिल्या तर चमचा फिरवते आणि खूप छान झाल्यात आजोबा, म्हणते. खाल्लेल्या नसतातच. विचारलं तर म्हणते, मी ठीक आहे. मी म्हटलं, अगं आपल्या घरातल्या बायका खंबीरच.

परवा तिचा महिना भरेल. आपली आई असती तर तिनंच सुईण म्हणून येऊन तिला उठवलं असतं. मला एवढंच आठवतं, की महिनाभर बाळंतिणीनं केर काढायचा नाही, तिच्या खोलीतल्या शेगडीची राख बाहेर टाकायची नाही, आणि महिना झाला की सुईण येऊन तिला हाताला धरून घराभोवती एक फेरी घालायची. मग ती जगात यायला मोकळी. बाकी काय करायचं असतं ते तू आईच्या हाताखाली शिकलेलीस, तू कळव. मला घाबरल्यासारखं होतं. कशाला ते सांगता येत नाही.

पत्रपेटीत गांधीलमाश्यांनी पुन्हा घर केलंय, तरी पत्र पोचेल.

तुझा
ओथा

*

डेट्रॉइट
शनिवार, २ मार्च २०१९

ती. ओथादादा यास,
व्हर्डीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, गांधीलमाशीसकट. मेलेली होती, म्हणून वाचलास. गुडघा बरा आहे, काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. शेजारीण म्हणते, व्हर्डी, तू आता राणीसारखी चालतेस. मी म्हटलं, राणीला भांडी घासावी लागत नाहीत.

दादा, पहिली गोष्ट. तिला खंबीर म्हणू नकोस. आपल्या काळ्या बायकांना जन्मापासून तो एकच शब्द ऐकवतात आणि मग कोणी त्यांना कसं आहे विचारत नाही. मी सव्वीस वर्षं इस्पितळात रोग्यांचं हवं-नको पाहिलं. गोरी बाळंतीण रडली की तिच्याकडे बोलायला कोणी तरी बाई पाठवत. आपली रडली की म्हणत, हिला काय झालंय, एवढी धडधाकट तर आहे. आणि आपल्या पोरी रडायचंच सोडून देत.

आता मी विचारते त्याची उत्तरं लिही, आणि रक्तदाबाचे आकडे लिहू नकोस. ती हसते का? बाळाला घेऊन एकटी बसते का? तू खोलीत गेलास की दचकते का? आंघोळीनंतर केस विंचरते का? सहाव्या आठवड्याला तिला तपासणीला न्यायचंच. तिथे दहा प्रश्नांचा एक कागद देतात, मन कसं आहे ते विचारतात. तो तिला खरा खरा भरू दे. त्यासाठीच तो असतो.

कोंबडीचं पाणी उकळून दे, मीठ कमी घाल. तू केलेल्या कॉलर्डच्या पालेभाजीत मीठ नसतं, नुसता समुद्र असतो, हे मी विसरलेले नाही. उठवण्याचं नंतर बघू, ते काम बाईचं आहे, आणि मला मेपर्यंत प्रवासाला परवानगी नाही.

ओपलचा पापा घे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
व्हर्डी

*

सायप्रस फोर्क
गुरुवार, १४ मार्च २०१९

चि. व्हर्डी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोंबडीचं पाणी दिलं. प्यायली. अर्धी वाटी.

तू विचारलंस ते लिहितो. हसते, पण मी बघत असलो तरच. केस विंचरत नाही, कापड बांधून ठेवते. बाळाला घेऊन एकटी बसत नाही. उलट बाळ सारखं माझ्याकडेच असतं. तुला हसू येईल, ओपलला रोज आंघोळ मीच घालतो! पहिल्या दिवशी तमेरा म्हणाली, आजोबा, तुम्हीच घाला, तुमचे हात मोठे आहेत. तेव्हापासून रोज मीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टबात पाणी घेतो, कोपर बुडवून बघतो. तमेरा बाहेर ओसरीवर जाऊन बसते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पाण्याचा आवाज थांबला की आत येते. आणि मागच्या दाराला तिनं वर, फक्त माझाच हात पोचेल एवढ्या उंचीवर माझ्याकडून कडी लावून घेतली. घरामागच्या तळ्याकडे साप निघतात म्हणाली. मार्चमध्ये साप निघतात खरे.

काल तपासणीला नेलं. तू सांगितलेला कागद दिला. आता रागावू नकोस. गाडीत मी तिला आधीच बजावलं होतं. म्हटलं, पोरी, त्यांच्या कागदावर मनातलं लिहायचं नाही. सगळीकडे चांगल्याच्या खाली खूण कर. तुझ्या आजीचं काय झालं माहीत आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे.

तिनं दहाही खुणा तशाच केल्या. मी शेजारी बसून बघितल्या. नर्सनं कागदावरून नजर फिरवली, म्हणाली, वा, त्रासाची बेरीज शून्य! किती छान सांभाळलंयस तू, खंबीर आहेस. दोन मिनिटांत बाहेर आलो. मला हायसं वाटलं. पार्किंगमध्ये तमेरा गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. मी विचारलं, चक्कर येते का? म्हणाली, नाही आजोबा, आता कोणी विचारणार नाही ना?

मी म्हटलं, नाही, आता कोणी विचारणार नाही. धीर द्यायला म्हटलं. पण घरी आल्यापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग, मी बरोबर केलं ना? माझ्या मोझेलच्या वेळचं तुला ठाऊक आहे. आपल्या लोकांनी अशा जागी खरं बोललं की पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

रक्तदाब १२४ वर ७८. तू नको म्हणालीस तरी लिहितो.

तुझा
ओथा

*

डेट्रॉइट
मंगळवार, १९ मार्च २०१९

दादा, सा. न.

पत्र वाचून काठी न घेता उभी राहिले, म्हणून गुडघा दुखावला आहे. थोडक्यात लिहिते.

तू बरोबर केलं नाहीस. तुला आंघोळीचा अभिमान वाटतोय आणि इकडे माझ्या अंगावर काटा आला. पोरीला पाण्याची भीती वाटत नाही, दादा. पाण्याजवळ बाळाबरोबर असलेल्या स्वतःची भीती वाटते आहे. ती कडी सापांसाठी नाही. ती हात मांड्यांखाली का दाबते, हे तुला खरंच कळत नाही का? मोझेलही तशीच बसायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, तरी मला आठवतं.

हो, मोझेलचं काय झालं ते मला ठाऊक आहे. आईनं जाऊन जिल्ह्याच्या नर्सला सांगितलं आणि आपला सुइणीचा परवाना वाचवला. त्यापायी मोझेल वेड्यांच्या इस्पितळात चौदा महिने राहिली आणि तिचं बाळ लोकांच्या घरी गेलं. मी आईला ते कधी माफ केलं नाही. पण म्हणून तमेरानं गप्प राहून मरायचं का?

मी तमेराला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात डेनिटा सिम्स नावाच्या सुईणबाईंचा नंबर आहे. तुमच्याच भागात फिरतात, आपल्यातल्या आहेत, शिकलेल्या आहेत, आणि मनाच्या आजाराच्या बाळंतिणींसाठीच काम करतात. तू मध्ये पडू नकोस. तिला एकटीला सोडूही नकोस. हे दोन्ही जमवायचं आहे.

व्हर्डी

*

सायप्रस फोर्क
शुक्रवार, २९ मार्च २०१९

चि. व्हर्डी हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच, की दोघी सुखरूप आहेत. आता बाकीचं.

तमेरानं डेनिटाबाईंना फोन केला होता. मला सांगितलं नाही, मी घाबरेन म्हणून. काल सकाळी दहाला त्या यायच्या होत्या. तमेरा आंघोळीला गेली होती. ओपल पाळण्यात झोपली होती. खिडकीतून बघतो तर अंगणात पांढरी गाडी, दारावर गोल शिक्का, आणि हातात कागदांचं बाड घेतलेली एक बाई उतरते आहे. व्हर्डी, १९७१ साली अशीच गाडी आली होती. शिक्का असाच गोल होता. बाईचा रंग कोणता हेसुद्धा मी पाहिलं नाही.

मी बाळाला उचललं. मागची कडी काढली आणि पाइनच्या झाडांमागून आपल्या जुन्या खोपटीत गेलो, जिथं बाबा डुकराचं मांस धुरी देऊन टिकवत. आतून दार ओढून घेतलं. ओपल जागी झाली तर करंगळी तोंडात दिली. मनात म्हटलं, शोधा आता. कानातलं यंत्र घरी टेबलावर राहिलं होतं. माझ्या नावानं दोघी हाका मारत होत्या म्हणे, अर्धा तास. मला एकही ऐकू आली नाही. मला वाटत होतं, सगळं कसं शांत आहे.

मग फळीच्या फटीतून बघितलं. तमेरा तळ्यात होती. कमरेपर्यंत. अंगावर नुसता टॉवेल आणि वर माझा कोट. ती वाकून दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपडत होती. इकडे एकदा, तिकडे एकदा. डेनिटाबाई चपला-कपड्यांसकट पाण्यात उतरून तिला मागून धरत होत्या.

पाळणा रिकामा, मागचं दार उघडं. पोरीला वाटलं, आपणच नेऊन टाकलं आणि आपल्याला आठवत नाही.

मी कसा बाहेर आलो माहीत नाही. बाळ दोन्ही हातांनी वर धरलं आणि ओरडत गेलो. तमेरानं आधी बाळाकडे बघितलं नाही, स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, म्हणजे मी नाही केलं. हे तिनं तीनदा म्हटलं. मग जी रडली, तशी रडताना मी तिला लहानपणापासून पाहिली नव्हती.

डेनिटाबाईंनी तिला कोरडं केलं, चहा दिला, मला एका खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, टार्व्हरकाका, यंत्र कानात घाला आणि इथून हलू नका. मग तोच दहा प्रश्नांचा कागद काढला. तमेरानं खरं सांगितलं. बाळ पाण्यात बुडताना सारखं डोळ्यांपुढे दिसतं, झोप म्हणून येत नाही, आपण नसलेलंच बरं असं वाटतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, त्यालाही खरं उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, असे विचार येतात आणि त्यांना जी आई घाबरते, ती बाळाला जपतच असते. हा आजार आहे, याला औषध आहे. मी विचारलं, बाळ नेणार का? त्या म्हणाल्या, काका, आजवर कोणाचं नेलं नाही असं मी तोंडावर खोटं सांगणार नाही. म्हणून तर मी स्वतः येते आणि डॉक्टरांपुढे तिच्या शेजारी बसते. तिथूनच फोन करून डॉक्टरीणबाईंची आजची वेळ घेतली. काल रात्रभर त्या आमच्याकडेच राहिल्या. लव्हॉनला बोटीवरून बोलावलं आहे.

आता दुसरं. हे लिहायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

आईनं नर्सला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. दर महिन्याला आईची सुइणीची पिशवी तपासायला तिला जिल्ह्याच्या ऑफिसात न्यावं लागे, ट्रकमधून मी नेत असे. मोझेल बाळंत होऊन एकोणीस दिवस झाले होते. आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, ओथा, माझे हात बांधून ठेव. आई आत रांगेत होती. मी बाहेर त्या नर्सला गाठलं आणि म्हटलं, बाई, माझ्या बायकोला झोपेची काही गोळी मिळेल का, ती असं असं म्हणते. मला गोळी हवी होती, व्हर्डी. दुसऱ्या दिवशी गाडी आली. मला एक कागद दिला, मी सही केली. मला त्यातलं अर्धंही वाचता आलं नव्हतं.

तू आईला बोललीस तेव्हा मी त्याच खोलीत होतो. आईनं माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प राहिली. तिला ठाऊक होतं. मीही गप्प राहिलो.

एकदा तोंड उघडलं म्हणून मुलगा गेला. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवायला शिकलो आणि पोरीलाही तेच शिकवलं. तिला मी जवळजवळ तळ्यात घातली. काय लिहू?

ओथा

*

डेट्रॉइट
गुरुवार, ४ एप्रिल २०१९

ओथा,

या पत्राला मायना नाही. नमस्कार लिहायला घेतला आणि हात चालला नाही.

अकरा वर्षं मी आईला एक ओळ लिहिली नाही. तिनं पाठवलेली, घरच्या झाडाच्या पेकन दाण्यांची पुडकी न फोडता परत पाठवली. तिच्या दफनाला आले, तेव्हा मागच्या बाकावर बसले. तू पुढे बसला होतास, रुमाल तोंडाला लावून. हे सगळं तुला दिसत होतं.

तू गोळी मागायला गेलास, याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. सत्तावीस वर्षांचा पोरगा आपल्या बायकोसाठी मदत मागायला गेला, त्यांनी मदतीऐवजी गाडी पाठवली. ते त्यांचं पाप. नंतर गप्प बसलास ते तुझं. मला अजून राग आहे, तो किती दिवस राहील ते मला माहीत नाही.

पण काम थांबवू नकोस. मोझेलला कोणी उठवलं नाही. महिना भरायच्या आत तिला पुढच्या दारानं नेलं, आणि परत आली तेव्हा आई तिच्या वाटेत यायला घाबरत होती. ती बाई पुढची तीस वर्षं त्या घरात पाहुण्यासारखी वावरली. तमेराचं तसं होऊ द्यायचं नाही. औषधानं तिला जरा झोप लागायला लागली की तिला उठव. माझी वाट बघू नकोस. बाई नाही म्हणून अडू नकोस, आईची पिशवी कपाटावर आहे. पांढरा एप्रन बांधायचा. पुढच्या दारानं बाहेर, उजवीकडून घराभोवती एक फेरी, पुन्हा पुढच्या दारानं आत. मग त्या खोलीतली राख बाहेर टाकायची. बाळंतीण थांबेल तिथं थांबायचं, तिला ओढायचं नाही. आई कधी ओढत नसे.

व्हर्डी

*

सायप्रस फोर्क
रविवार, २८ एप्रिल २०१९

ती. व्हर्डीआजी हिस,
तमेराचा सा. न. वि. वि.

आजोबांनी मला तुझं पत्र वाचायला दिलं. त्यांनी तुला लिहिलेलं काय होतं, तेही सांगितलं. म्हणून मी लिहिते आहे.

मी ठीक आहे असं लिहिणार नाही, डेनिटाताईंनी तो शब्द वापरायला बंदी केली आहे. ठीक आहे म्हटलं की त्या म्हणतात, दहापैकी किती? आज सहा आहे. गोळ्या सुरू होऊन चार आठवडे झाले. सलग चार तास झोपते. चित्रं अजून डोळ्यांपुढे येतात, पण येतात आणि जातात. लव्हॉननं बोटीची एक पाळी सोडली. ताईंच्या ओळखीच्या सहाजणी मंगळवारी चर्चच्या तळघरात जमतात, सगळ्या आपल्यातल्या. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, तुलाही खंबीर म्हणाले का गं? आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की बाळं रडायला लागली.

काल आजोबांनी मला उठवलं. तुझ्या आईचा एप्रन त्यांच्या पोटाला पुरेना, तर मागे दोरी लावून बांधला. डोक्यावर चर्चची हॅट. लव्हॉन म्हणाला, आजोबा, तुम्ही सुईण दिसत नाही, खाटीक दिसता. आजोबा म्हणाले, तू बाळ धर आणि तोंड बंद ठेव. मग एकदम थांबले आणि म्हणाले, नाही, बंद नको ठेवूस, बोल हवं ते.

पुढच्या दारानं निघालो. पेकनच्या झाडाखालून गेलो, गॅसच्या टाकीवरून गेलो. घरामागे तळं दिसलं आणि माझे पाय थांबले. आजोबाही थांबले. ओढलं नाही. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. मग ते तळ्याकडे बघत म्हणाले, रूबेन. मला कळलं नाही. ते म्हणाले, तुझ्या मामाचं नाव रूबेन होतं. त्याला नेल्यापासून या घरात ते कोणी घेतलं नाही. मग पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाले. मी पण म्हटलं. त्यानंतर मला चालता आलं.

आत आल्यावर मी खोलीतली राख स्वतः बाहेर टाकली. परत येते तर आजोबा घरात नाहीत. खिडकीतून बघितलं, तर ते दुसऱ्यांदा फेरी घालत होते. एकटेच. हळूहळू, कोणा अशक्त माणसाच्या चालीनं, आणि उजवा हात कोपरात वाकवून पुढे धरलेला. तळ्यापाशी थांबले. जेवढा वेळ माझ्यासाठी थांबले होते त्याहून जास्त थांबले. मग पुढे आले, पायऱ्यांजवळ बाजूला झाले, आणि दार उघडून धरलं. माझ्या आजीला आधी आत जाऊ दिलं.

संध्याकाळी ओपलला आंघोळ मी घातली. आजोबा शेजारी उभे होते, टॉवेल घेऊन. माझे हात पाण्यात होते, आणि माझेच होते.

तू मेमध्ये येणार आहेस ना? तुझ्यासाठी खोली लावली आहे. रागावलेली आलीस तरी ये. आजोबांनी पत्रपेटीतल्या गांधीलमाश्यांचं घर काढून टाकलं, आता दिवसातून दोनदा पेटी उघडून बघतात.

येण्याआधी त्यांना एक पत्र टाक. चार ओळींचं असलं तरी चालेल. फक्त त्याला मायना घाल.

तुझी
तमेरा